दोन रंग, दोन धागे: रंगीत विणकामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंगीत स्वेटर हातात आला की सराईत विणणारी व्यक्ती आधी तो उलटा करून पाहते. समोरच्या नक्षीला दाद सगळेच देतात; पण तो स्वेटर अंगावर नीट बसणार की ओढला जाणार, नक्षी सपाट राहणार की चुरगळणार, याचा निकाल मागच्या बाजूला लागलेला असतो. मी रोज विणते आणि शिकवतेही. शिकायला येणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न खाली एकत्र केले आहेत. सुलट आणि उलट टाका येतो, टाके घालता आणि बंद करता येतात, एवढे गृहीत धरले आहे.

रंगीत विणकाम म्हणजे नेमके काय? पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटरही त्यात धरावा का?

धरावा. पट्टे हा त्यातला सर्वांत सोपा प्रकार आहे, कारण एका ओळीत एकच रंग असतो आणि ओळ संपली की धागा बदलतो. खरी अडचण, आणि खरा आनंदही, एकाच ओळीत दोन रंग आले की सुरू होतो. त्यासाठी मुख्यतः तीन पद्धती आहेत. पहिलीत दोन्ही धागे ओळभर सोबत चालतात. ज्या रंगाची त्या टाक्याला गरज नसते तो मागून आडवा पुढे जातो. फेअर आयल म्हणून जी नक्षी ओळखली जाते ती याच पद्धतीची. दुसरी इन्टार्सिया. तिच्यात प्रत्येक रंगाच्या भागासाठी वेगळा लहान गुंडा घेतात आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे त्यांचे धागे एकमेकांत अडकवतात. मागे आडवे धागे उरत नाहीत, म्हणून पाठीवर एकच मोठे फूल किंवा एखादी एकटी आकृती काढायची असेल तर हीच पद्धत योग्य. तिसरीला मोझेक विणकाम म्हणतात. तिच्यात एका वेळी एकच रंग विणतात आणि दुसऱ्या रंगाचे काही टाके न विणता नुसते उजव्या सुईवर सरकवतात. ते सरकवलेले टाके वर ओढले जाऊन नक्षी उमटते.

पुढील उत्तरे बहुतांशी पहिल्या पद्धतीविषयी आहेत, कारण प्रश्नही तिच्याविषयीच सर्वाधिक येतात.

पहिल्यांदा काय विणायला घ्यावे?

गोल सुईवर विणायची टोपी. गोल विणताना सुलट बाजू कायम समोर असते, उलट ओळ येत नाही आणि नक्षी डोळ्यांपुढे वाढत जाते. मफलर सोपा वाटतो, पण त्याची मागची बाजू दिसते; त्यामुळे आडव्या धाग्यांच्या नक्षीसाठी तो पहिला प्रयोग म्हणून मी कधीच सुचवत नाही.

दोन रंग एकमेकांना शोभतील की नाही हे विणण्याआधी कसे ओळखावे?

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण बहुतेक फसलेल्या स्वेटरांचे मूळ इथेच असते. आपण दुकानात रंग पाहतो तेव्हा लाल, हिरवा, निळा असा रंग पाहतो. नक्षी उठून दिसण्यासाठी मात्र रंग कोणता यापेक्षा तो किती फिका किंवा किती गडद आहे हे अधिक महत्त्वाचे असते. विटकरी लाल आणि शेवाळी हिरवा हे गुंडे शेजारी ठेवले तर अतिशय वेगळे दिसतात. पण दोन्ही सारखेच गडद असतील तर त्यांत विणलेली बारीक नक्षी चार पावलांवरून एकजीव तपकिरी दिसू लागते आणि पंधरा दिवसांची मेहनत दिसेनाशी होते.

यावर उपाय सोपा आहे. गुंडे एकत्र ठेवून मोबाइलवर त्यांचे कृष्णधवल छायाचित्र काढावे. त्यात दोन गुंडे एकाच राखाडी छटेचे दिसले, तर ती जोडी नक्षी आणि पार्श्वभूमी म्हणून घेऊ नये. ही तपासणी दिवसाउजेडी, खिडकीजवळ करावी. पिवळ्या दिव्याखाली निळे आणि जांभळे रंग हमखास चकवतात.

दुसरी गोष्ट शेजारच्या रंगाची. मिशेल यूजीन शेव्ह्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून पॅरिसमधील गोबेलां या, भिंतीवर टांगायचे चित्रमय पडदे विणणाऱ्या प्रसिद्ध कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथला काळा रंग पुरेसा दाट येत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी शोध घेतला तेव्हा रंगात खोट आढळली नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसल्यामुळे तो काळा डोळ्यांना फिकट वाटत होता. त्यातून त्यांनी रंगांच्या परस्पर परिणामाचा सिद्धान्त मांडला आणि 1839 मध्ये तो प्रसिद्ध केला. विणणाऱ्यांना हा अनुभव रोज येतो. तोच राखाडी धागा मोहरी पिवळ्याशेजारी किंचित जांभळट दिसतो, तर लालसर नारिंगीशेजारी निळसर. म्हणून एकेक गुंडा सुटा आवडला म्हणून घेऊ नये. पुठ्ठ्याच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचे, तो स्वेटरमध्ये जितका येणार असेल त्या प्रमाणात, वेढे गुंडाळावेत आणि ती पट्टी दोन-तीन दिवस येता-जाता नजरेस पडेल अशी ठेवावी. तिसऱ्या दिवशीही ती आवडली तर सुया हाती घ्याव्यात.

मागचे धागे किती सैल ठेवावेत?

जितके कापड ताणले जाणार आहे तितके. टोपी डोक्यातून जाताना, बाही हातावर चढताना टाके रुंदावतात. मागच्या आडव्या धाग्याला मात्र स्वतःची लवचिकता जवळजवळ नसते. तो टाक्यांपेक्षा आखूड पडला की पुढून कापड चुरगळते आणि ताणले जातच नाही.

मी हे शिकले ते एका पांढऱ्या-निळ्या टोपीवर. नक्षी सुबक आली होती, मागची बाजूही इतकी नीटनेटकी की मला तिचा अभिमान वाटत होता. टोपी पूर्ण झाली आणि माझ्या डोक्यावर ती कपाळाच्या वर येऊन थांबली. टाक्यांची संख्या बरोबर होती. दोष होता तो माझ्या नीटनेटकेपणात: प्रत्येक आडवा धागा मी तारेसारखा ताणून बसवला होता. मी ती काठापर्यंत उसवली, वळ्या पडलेली लोकर धुऊन वाळवली आणि पुन्हा विणली. दुसऱ्या वेळी मागची बाजू किंचित झोलदार दिसत होती, आणि टोपी बसली.

सवय अशी लावावी: रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवरचे नुकतेच विणलेले टाके बोटांनी पसरवून घ्यावेत, मग नवा धागा उचलावा. सुईच्या टोकाशी टाके दाटीवाटीने उभे असताना रंग बदलला की मागचा धागा आखूडच पडतो. टोपी, बाही, मोजे अशा अरुंद नळीसाठी काम आतली बाजू बाहेर करून विणण्याची युक्तीही उपयोगी पडते. मागचे धागे नळीच्या बाहेरून जातात, त्यांना थोडा लांबचा रस्ता पडतो आणि ते आपोआप सैल राहतात.

सलग पाचाहून अधिक टाके एकाच रंगाचे असतील, किंवा मागचा धागा साधारण अडीच सेंटीमीटरपेक्षा लांब होत असेल, तर मध्ये कुठेतरी तो विणत्या धाग्याच्या पिळात अडकवावा. नाहीतर बोटे, अंगठ्या, बटणे त्यात गुंततात. लागोपाठच्या ओळींत मात्र तो एकाच टाक्यामागे अडकवू नये; तिथे समोरून एक उभी रेघ उमटते आणि ती धुतल्यानंतरही जात नाही.

दोन धागे हातात कसे धरावेत? कोणता वर आणि कोणता खाली, याने खरेच फरक पडतो का?

धरण्याची पद्धत ज्याची त्याने ठरवावी. एक धागा उजव्या हातात आणि एक डाव्या हातात घेतला तर गुंता कमी होतो आणि वेग वाढतो, पण दोन्ही एकाच हातात घेऊनही उत्तम काम होते.

वर-खाली मात्र फरक पडतो, आणि तो डोळ्यांना दिसतो. जो धागा मागच्या बाजूला दुसऱ्याच्या खालून येतो त्याला टाक्यापर्यंत पोहोचायला किंचित जास्त अंतर पडते, त्याचे टाके किंचित मोठे होतात आणि तो रंग ठळक दिसतो. वरून येणारा रंग मागे सरतो. म्हणून नक्षीचा रंग खालून आणि पार्श्वभूमीचा वरून न्यावा, आणि एकदा ठरवले की शेवटच्या ओळीपर्यंत तेच पाळावे. अर्ध्यावर जागा बदलली गेली तर स्वेटरवर दोन वेगळ्या हातांनी विणल्यासारखा आडवा पट्टा दिसतो. काम बाजूला ठेवताना कोणता रंग खाली होता हे वहीत लिहून ठेवावे. दोन दिवसांनी ते आठवत नाही.

नमुन्याचा तुकडा विणणे खरोखर आवश्यक आहे का?

होय, आणि तो गोल विणायच्या कपड्यासाठी गोलच विणलेला असावा, त्याच नक्षीत, त्याच सुयांवर. सपाट विणताना उलट ओळी येतात आणि बहुतेकांचा हात उलट टाक्याला थोडा सैल पडतो. त्यामुळे सपाट तुकड्याचे माप गोल कामाला लागू पडत नाही. एक सोय करता येते: दोन टोके असलेल्या सुईवर ओळ संपली की काम न वळवता टाके पुन्हा दुसऱ्या टोकाला सरकवावेत, धागे मागून सैल सोडावेत आणि प्रत्येक ओळ सुलटच विणावी. मग तुकडा धुवावा, सपाट वाळवावा आणि नंतरच मोजावा.

हिशेब करून पाहिला की महत्त्व पटते. समजा, स्वेटरच्या लिखित कृतीत 10 सेंटीमीटरमध्ये 28 टाके सांगितले आहेत आणि अंगासाठी 252 टाके आहेत. घेर 90 सेंटीमीटर येईल. तुमच्या हाताला 10 सेंटीमीटरमध्ये 30 टाके येत असतील तर तेच 252 टाके 84 सेंटीमीटर भरतील. दोन टाक्यांचा फरक तुकड्यावर नजरेत भरत नाही. छातीवर तो सहा सेंटीमीटर असतो. अशा वेळी एक नंबर जाड सुई घेऊन दुसरा तुकडा विणावा. ओढून मोजू नये. आपण मोजपट्टीला फसवतो तेव्हा खरे माप कळणे फक्त पुढच्या महिन्यावर ढकललेले असते.

आलेख कसा वाचावा, आणि स्वतःची नक्षी कशी काढावी?

आलेख म्हणजे चौकटींच्या कागदावर काढलेली नक्षी; त्यात एक चौकट म्हणजे एक टाका. वाचन तळापासून वर आणि उजवीकडून डावीकडे करायचे, कारण टाकेही त्याच क्रमाने विणले जातात. सपाट कामात उलट ओळी डावीकडून उजवीकडे वाचाव्या लागतात. गोल कामात ती कटकट नाही.

स्वतःची नक्षी काढताना पहिली अडचण टाक्याच्या आकाराची येते. साध्या सुलट विणीतला टाका उंचीपेक्षा रुंद असतो. 10 सेंटीमीटरमध्ये 22 टाके आणि 30 ओळी येत असतील आणि तुम्ही चौकटीच्या कागदावर 22 बाय 22 चा गोल काढला, तर विणल्यावर तो 10 सेंटीमीटर रुंद आणि जेमतेम 7.3 सेंटीमीटर उंच होईल, म्हणजे चपटा. दोन रंगांच्या विणीत टाके बरेचसे चौरस होतात, म्हणून तिथे साधा चौकटीचा कागद चालतो. तरीही आपल्या तुकड्यावरून खात्री करून घ्यावी.

दुसरी अडचण भागाकाराची. वरच्या उदाहरणातले 252 टाके 24 टाक्यांच्या नक्षीने साडेदहा वेळा भागले जातात. म्हणजे एक फूल अर्धे कापले जाणार. 240 किंवा 264 टाके घ्यावेत, नाहीतर नक्षीच 21 टाक्यांची करावी, म्हणजे ती बरोबर बारा वेळा बसते. मला दुसरा मार्ग अधिक आवडतो, कारण नक्षी आखडताना तिच्यातले अनावश्यक टाके आपोआप गळतात.

लोकर कोणती घ्यावी?

मेंढीची, आणि शक्यतो फार गुळगुळीत न केलेली. तिच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे शेजारचे टाके एकमेकांना धरून राहतात आणि लहानसहान असमानता धुतल्यावर मिटून जाते. सुती आणि कृत्रिम धागा गुळगुळीत असतो. त्यात प्रत्येक चुकलेला ताण जसाच्या तसा दिसत राहतो. ज्यांना लोकर टोचते त्यांनी सुती धाग्यात जरूर विणावे, मात्र नक्षीत दोन रंगबदलांमधले अंतर कमी ठेवावे. सर्व रंग एकाच जाडीचे असावेत. मागचे धागे धरून कापड जवळजवळ दुप्पट जाड होते, म्हणून चार पदरी किंवा त्याहून बारीक लोकर घेतलेली बरी.

धुताना रंग उतरला तर?

गडद लाल, गडद निळा आणि काळा यांची परीक्षा विणण्याआधीच घ्यावी. हातभर धागा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबावा. कापडाला रंग लागला तर ती लडी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन मगच वापरावी. एका लहान स्वेटरच्या पांढऱ्या पट्ट्या शेजारच्या लाल रंगाने गुलाबी झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि तो माझाच स्वेटर होता. तेव्हापासून ही दहा मिनिटांची परीक्षा मी चुकवत नाही. तयार कपडा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि लगेच सपाट पसरावा. ओल्या अवस्थेत घडी करून ठेवणे सर्वांत घातक.

विणलेला स्वेटर कात्रीने कापतात हे खरे आहे का?

खरे आहे. शेटलंड बेटांवर आणि नॉर्वेत ही रूढ पद्धत आहे. सबंध अंग नळीसारखे गोल विणतात, जिथे पुढची उघडझाप किंवा बाहीची जागा हवी तिथे काही जादा टाके घालतात, त्यांच्या दोन्ही बाजू शिवणीने किंवा क्रोशाने पक्क्या करतात आणि मधून उभे कापतात. विणलेले कापड आडवे सहज उसवते, उभे नाही; आणि मेंढीच्या लोकरीचे टाके तर एकमेकांना धरूनच असतात. गुळगुळीत सुती धाग्यावर हे करू नये. पहिल्यांदा कात्री लावण्याआधी जुन्या तुकड्यावर कापून पाहावे. हाताला एकदा विश्वास आला की भीती राहत नाही.

नक्षीची प्रेरणा कुठून घ्यावी?

आधी जुन्या कामाकडे पाहावे, कारण आपल्या बहुतेक अडचणी कोणीतरी सोडवून ठेवलेल्या असतात. फेअर आयल हे स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यामधले चिमुकले बेट. तिथल्या स्वेटरांत अनेक रंग दिसतात, पण एका ओळीत सहसा दोनच असतात. पार्श्वभूमी आणि नक्षी दोन्हींचे रंग ओळींमागून ओळी बदलत जातात, म्हणून ते समृद्ध वाटते. ही एक गोष्ट समजली की ते स्वेटर अवघड वाटेनासे होतात. नॉर्वेतील सेल्बू गावी 1857 मध्ये मारित एम्स्टाड या तरुण मुलीने काळ्या-पांढऱ्या धाग्यांत आठ पाकळ्यांच्या चांदणीचे हातमोजे विणले, आणि पुढे ती नक्षी साऱ्या देशाची ओळख झाली. तिच्यात फक्त दोन रंग आहेत. कमी साधनांत किती करता येते याचे हे उत्तम उदाहरण मी शिकवताना पहिले दाखवते.

स्वीडनमध्ये एम्मा याकोबसन यांनी 1939 मध्ये स्थापन केलेल्या बोहूस विणकाम संस्थेने नियम मोडले: एका ओळीत दोनहून अधिक रंग घेतले आणि रंगीत नक्षीत समोरून मधूनमधून उलट टाके टाकले. उलट टाक्याचा उंचवटा खालच्या ओळीचा रंग वर आणतो आणि दोन रंगांची सीमा जलरंगासारखी विरघळते. ती संस्था 1969 मध्ये बंद झाली, पण ही युक्ती मी आजही वापरते. पेरूमधील तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर तर कानटोप्या पुरुष विणतात. तिथल्या वस्त्रकलेचा समावेश 2008 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. ‘पुरुषांनी विणावे का’ असे विचारणाऱ्यांना मी त्या बेटाचे नाव सांगते.

शिकणे आणि उचलणे यांत फरक ठेवावा. कॅनडातील व्हँकूव्हर बेटावरच्या कोस्ट सॅलिश या मूळनिवासी समाजातल्या स्त्रियांचे काउचिन स्वेटर हे त्यांच्या उपजीविकेचे साधन आहे, आणि त्यांच्या नकला त्यांच्याच नावाने विकल्या गेल्या आहेत. एखाद्या समाजाची नक्षी वापरली तर ती कुणाची हे सांगावे, आणि ती आपली म्हणून विकू नये.

उरलेली प्रेरणा रोजच्या नजरेत असते. माझ्या वहीत एका जुन्या लोखंडी फाटकाचे पान आहे. त्याचा निळा रंग पोपडे धरून उडाला होता. पोपड्याच्या कडेला नारिंगी गंज, त्याच्या आत गडद तपकिरी आणि अगदी मध्ये राखाडी लोखंड. मी ते चार रंग त्याच क्रमाने एका टोपीवर काठापासून शेंड्यापर्यंत नेले. नक्षी साधी, बारा टाक्यांची होती. रंगांचा क्रम फाटकाने ठरवला होता, आणि तो मला स्वतःहून कधीच सुचला नसता.

रोजच्या धावपळीत विणायला वेळ कसा काढावा?

दोन कामे एकाच वेळी सुरू ठेवावीत. एक आलेखाचे, जे फक्त चांगल्या उजेडात आणि शांत डोक्याने घ्यायचे. दुसरे साधे, एकरंगी, जे प्रवासात किंवा बोलता बोलता हातात राहील. रंगीत काम दमलेल्या हाताने करू नये, कारण दमल्यावर ताण बदलतो आणि त्या रात्रीच्या ओळी सकाळी ओळखू येतात. मी सकाळी चार ओळी विणते. एवढ्या ओळींतही महिन्याभरात टोपी होते. अर्ध्या तासाने मनगटे सैल सोडावीत, बोटे ताणावीत. दुखू लागल्यावर थांबणे उशिराचे असते.

चूक दहा ओळींनी लक्षात आली तर सगळे उसवावे का?

एखाददुसरा टाका चुकीच्या रंगाचा असेल तर नाही. जाड, बोथट सुईत योग्य रंगाचा धागा ओवून त्या टाक्याच्या वाटेनेच त्यावर दुसरा टाका भरावा. चूक झाकली जाते. नक्षी एका टाक्याने सरकली असेल तर मात्र उसवावेच लागते, कारण पुढची प्रत्येक ओळ तिच्यावर उभी असते. हे टाळण्यासाठी नक्षीच्या प्रत्येक पुनरावृत्तीनंतर सुईवर खुणेची कडी घालावी. मग चूक फार तर 21 टाक्यांत शोधायची असते, 252 मध्ये नाही.

वापरून भोक पडले तर?

टाका भरण्याची तीच पद्धत इथेही उपयोगी पडते, पण मूळ लोकर हाताशी हवी. म्हणून प्रत्येक स्वेटर पूर्ण झाला की मी त्यातल्या प्रत्येक रंगाचा पाच मीटर धागा पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळते, त्यावर सुईचा नंबर आणि लडीच्या रंगाचा क्रमांक लिहिते आणि ती पट्टी नमुन्याच्या तुकड्याला बांधते. तुकडाही कपड्याबरोबरच धुवावा, म्हणजे धागा त्याच्याइतकाच विटतो आणि कोपरावर भरलेला टाका वेगळा दिसत नाही.